परसबागेसाठी हळवा बटाटा: वाण निवडण्यापासून काढणीपर्यंत

परसबागेत बटाटा लावायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "जास्त उत्पन्न कुठला वाण देतो?" महाराष्ट्रात हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न म्हणजे तुमच्या गावात गार रात्री किती मिळतात. पंजाबात किंवा उत्तर प्रदेशात थंडी लांबते, तिथे शंभर-सव्वाशे दिवसांचा वाण आरामात पोसतो. आपल्याकडे एका बाजूला ऑक्टोबरचा उकाडा आणि दुसऱ्या बाजूला फेब्रुवारीचं ऊन. मधल्या तीनेक महिन्यांत जो वाण आपलं काम उरकतो तोच आपला. म्हणून भाताप्रमाणे बटाट्यातही हळवा (लवकर तयार होणारा), निमगरवा (मध्यम मुदतीचा) आणि गरवा (उशिरा तयार होणारा) हा भेद आधी समजून घ्यायचा. परसबागेला हळवा घ्यायचा, फार तर निमगरवा. गरव्याच्या वाट्याला जाऊ नये.

आधी थंडी मोजा, मग वाण

बटाटा हे मूळ नाही, ते जमिनीखालचं फुगलेलं खोड आहे. दिवसभर पानांनी तयार केलेलं अन्न रात्री खाली उतरतं आणि पिठाच्या रूपात साठतं. रात्र उबदार असली की झाड ते अन्न श्वसनात जाळून टाकतं आणि वर नुसता पाला वाढवतं. झाड कमरेएवढं आणि खाली गोट्यांएवढे बटाटे, अशी तक्रार ऐकू आली की खताआधी लागवडीची तारीख विचारावी. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली आलं की बटाटे धरू लागतात. जमिनीचं तापमान १७ ते २० अंश असेल तर ते सर्वांत चांगले पोसतात. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की पोसणं जवळजवळ थांबतं.

पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड करावी. लागवडीनंतर उगवायला १० ते १५ दिवस जातात. महिनाभरानंतर खाली गाठी धरायला लागतात आणि पुढचा महिना-दीड महिना त्या पोसतात. म्हणजे १ नोव्हेंबरला लावलेला ८० दिवसांचा वाण २० जानेवारीच्या सुमारास तयार होतो आणि त्याच्या पोसण्याचा सगळा काळ डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात जातो. त्याच दिवशी ११० दिवसांचा वाण लावलात तर तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. तोवर दुपारचा पारा ३२ च्या वर गेलेला असतो.

विदर्भात थंडी चांगली पडते, पण सुरुवातीचा उकाडा चिवट असतो. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याआधी घाई करू नये. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे जानेवारीतसुद्धा रात्र जेमतेम १८-२० अंशांपर्यंत उतरते. नोव्हेंबरअखेर उष्णता सोसणारा वाण लावून हौस भागवता येईल, पण टोपली भरण्याची अपेक्षा ठेवू नये. तिथल्या परसाला रताळी, करांदे आणि सुरण जास्त शोभतात, आणि मेहनतही कमी लागते.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा होतो, मग आमच्या अंगणात जून-जुलैत का लावू नये, असं कुणी विचारेल. ते पठार उंचावर आहे, हवा गार असते, पाऊस बेताचा पडतो आणि पाणी साचत नाही. सोसायटीतल्या वाफ्यात किंवा घराच्या मागच्या काळ्या मातीत जुलैच्या पावसात बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, सडतं. पहिला प्रयत्न हिवाळ्यातच करावा.

कोणते वाण बघायचे

आपल्याकडच्या सरकारी वाणांच्या नावापुढे 'कुफरी' लागतं, ते शिमल्याजवळच्या कुफरी गावावरून. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. कुफरीच्या उंचीवर उन्हाळ्याच्या लांब दिवसांत बटाट्याला भरपूर फुलं आणि फळं धरतात, म्हणून संकराचं काम तिथे चालतं. दुकानदार 'कुफरी' गाळून नुसतं 'पुखराज', 'ज्योती' म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

पुखराज (१९९८) हा आज देशात सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या वाणांपैकी एक आहे. साल पिवळसर, गरही पिवळा, उत्पन्न भरघोस. त्याचं परसबागेतलं खरं मोल वेगळंच आहे. तो लवकर पोसतो, त्यामुळे ६५-७० दिवसांनी एखादं झाड उकरलं तरी खाण्याजोगे बटाटे निघतात आणि ८०-९० दिवसांत पीक पूर्ण होतं. लवकर येणाऱ्या करप्याला (पानांवर डाग पाडणाऱ्या रोगाला) तो चांगला तोंड देतो. उणीव अशी की गरात पाणी जास्त आणि पीठ कमी, त्यामुळे तो टिकायला आणि तळायला कमी पडतो. पहिल्यांदा लावणाऱ्याने मात्र पुखराजच लावावा. चुका पोटात घालणारा वाण आहे आणि त्याचं बेणं शोधायला फार वणवण करावी लागत नाही.

'लवकर' (१९७२, कागदोपत्री 'लौकर' असंही दिसतं) हा पठारी भागासाठी काढलेला जुना वाण. बटाटे गोल, पांढरे, ७५-८० दिवसांत तयार, आणि थोडा उकाडा सोसण्याची ताकद. पिठाचा अंश चांगला असल्याने वेफर्सलाही चालतो. महाराष्ट्राच्या हवेला हा वाण खरोखर मानवतो, पण त्याचं बेणं आता सहज मिळत नाही. मिळालं तर सोडू नका.

सूर्या (२००६) हा त्याच 'लवकर'पासून संकराने तयार झालेला. खास उष्णता सोसण्यासाठीच काढलेला. रात्र २० अंशांच्या थोडी वर राहिली तरी तो बटाटे धरतो, आणि तुडतुड्यांमुळे पानं करपण्याचा त्रासही त्याला कमी होतो. बटाटा लांबट, गर फिकट पिवळा. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांना ऑक्टोबरमध्येच लावायची घाई आहे, किंवा ज्यांची गच्ची दिवसभर तापते, त्यांनी आधी सूर्या शोधावा. किनाऱ्यावर प्रयोग करायचा तर तोही याच वाणावर करावा.

चंद्रमुखी (१९६८) चवीला मला या सगळ्यांत उजवी वाटते. लांबट-चपटा, गुळगुळीत पांढरा बटाटा, डोळे उथळ, सोलायला सोपा. ८०-९० दिवस धरा. पण उशिरा येणाऱ्या करप्याला ती पटकन बळी पडते. डिसेंबरमध्ये ढगाळ हवा आणि अवकाळी शिडकावा झाला की दोन-चार दिवसांत वाफा काळवंडू शकतो. कोरड्या हवेच्या गावात लावावी, धुकं साचणाऱ्या ओढ्याकाठी नको.

ज्योतीही १९६८ चीच, पण निमगरवी, ९०-१०० दिवसांची. पुणे-सातारा भागात पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते, बेणं बऱ्याच ठिकाणी मिळतं. लागवड १० नोव्हेंबरच्या आत होणार असेल तरच घ्यावी. पाण्यात हयगय झाली की हिचे बटाटे तडकतात.

अशोका (१९९६) आणि ख्याती (२००८) हेही हळवे आणि चांगले वाण आहेत, पण त्यांचा भर उत्तरेकडच्या मैदानात जास्त. आयतं बेणं हाती आलं तर एक सरी लावून बघावी. लाल सालीची सिंदुरी दिसायला देखणी आहे, पण ती गरव्यातली. वेफर्ससाठी नावाजलेले चिप्सोना वाणही हळवे नाहीत, शंभर-एकशेदहा दिवस घेतात.

युरोपातले व्हिडिओ बघून तिकडच्या 'अर्ली' वाणांवर जीव जडलेला असेल तर एक लक्षात ठेवा. त्यांचे दिवस तिकडच्या लांब उन्हाळी दिवसांवर मोजलेले असतात. आपल्या हिवाळ्यात दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. आखूड दिवसात ती झाडं लवकरच गाठी धरतात, पाला वाढायच्या आत म्हातारी होतात आणि हाती थोडेच बटाटे लागतात. ऑनलाइन मिळणाऱ्या 'बटाट्याच्या बियां'च्या रंगीत पाकिटांपासूनही लांब राहा. खऱ्या बियांपासून बटाटा होतो, पण आधी रोपं करावी लागतात, वेळ जास्त जातो आणि एकेक झाड वेगळं निघतं. निळ्या-जांभळ्या चित्राच्या पाकिटात नेमकं काय आहे, ते कळेपर्यंत हंगाम संपलेला असतो.

स्वयंपाकघराला विचारा

दुकानात जाण्याआधी घरात बटाट्याचं सर्वांत जास्त काय होतं ते बघा. काचऱ्या, रस्सा, कांदा-बटाट्याचा रस्सेदार प्रकार जास्त होत असेल तर पुखराजला तोड नाही. फोडी शिजतात पण विरघळत नाहीत. वडे, पराठे, पातळ भाजीत दाटपणा हवा असेल तर चंद्रमुखी, ज्योती किंवा 'लवकर'. त्यांचा गर भुसभुशीत उकलतो.

उन्हाळी वाळवणाचा, म्हणजे कीस आणि वेफर्सचा विचार असेल तर पुखराज नकोच. पाण्याचा अंश जास्त असल्याने परातभर कीस वाळून मूठभर होतो. तळताना काळे पडणारे वेफर्स हा मात्र बऱ्याचदा वाणाचा दोष नसतो. शीतगृहात २ ते ४ अंशांना राहिलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होते, आणि ती तळताना करपते. घरचा ताजा बटाटा शीतगृह न पाहिलेला असतो, त्यामुळे फेब्रुवारीतलं घरचं वाळवण रंगाला उजळ निघतं. त्यासाठी थोडी जागा 'लवकर' किंवा 'ज्योती' या वाणाला द्यावी.

बेणं: इथे कंजुषी नको

वाणाचं नाव कितीही चांगलं असो, बेणं रोगट असेल तर सगळं पाण्यात. बटाट्यातले विषाणू मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते आणि ते बेण्यातून पुढच्या पिढीत जातात. बाजारातल्या भाजीच्या बटाट्याला मोड आले म्हणून ते लावायचा मोह होतो. उगवतीलही. पण इंदूर-आग्र्याहून आलेल्या त्या पोत्यात वाण कुठला, किती पिढ्यांचं आहे, कशाचा पत्ता नसतो. पानं चुरगळून बसणारी, खुरटी झाडं निघाली की वाफा, पाणी आणि तीन महिने वाया जातात. वेफर्सच्या कारखान्यांसाठी साठवलेल्या मालाला मोड रोखणारं औषधही दिलेलं असू शकतं, मग तो उगवतच नाही.

आणखी एक घोळ सुप्तावस्थेचा. नुकताच काढलेला बटाटा साधारण दोन-अडीच महिने झोपलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाळी पिकाचा ताजा बटाटा कुणी 'गावरान बेणं' म्हणून दिला, तर तो नोव्हेंबरात लावूनही मख्खपणे बसून राहतो. हिवाळी लागवडीचं बेणं मागच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेत, मुख्यतः पंजाबात काढून शीतगृहात ठेवलेलं असतं. माव्याचा जोर वाढायच्या आत पाला कापून तिथे बेण्याचं पीक संपवतात, म्हणून ते तुलनेने निरोगी असतं.

हे बेणं ५० किलोच्या पोत्यात येतं, आणि आपल्याला लागतं दोन-तीन किलो. इथेच परसबागेचं घोडं अडतं. मंचर, खेड, नारायणगाव परिसरात ओळखीचा बटाटा उत्पादक असेल तर लागवडीच्या दिवशी त्याच्याकडून विकत मागून घ्यावं, हा सर्वांत सरळ मार्ग. नाहीतर तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात सप्टेंबरमध्येच नाव नोंदवून ठेवावं, कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी, किंवा आठ-दहा बागवाल्यांनी मिळून एक पोतं घ्यावं. पोत्यावर वाणाचं नाव आणि प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी आहे का ते बघावं.

हाताळून घ्या. २५ ते ४० ग्रॅमचं, कोंबडीच्या लहान अंड्याएवढं, घट्ट बेणं उत्तम. सुरकुतलेलं, ओलं डाग पडलेलं, एकाच टोकाला लांब पांढरा मोड आलेलं नको. एक बटाटा कापून बघायला सांगा. आत सालीजवळ तपकिरी कडं दिसलं आणि दाबल्यावर चिकट द्रव आला, तर तो बांगडी रोग. मग ते पोतंच नाकारायचं, कारण हा रोग एकदा मातीत शिरला की टोमॅटो, वांगी आणि मिरचीलाही सोडत नाही.

शीतगृहातून आलेलं बेणं थेट उन्हात किंवा मातीत जाऊ देऊ नये. आठ-दहा दिवस सावलीत, हवेशीर आणि मंद उजेडाच्या जागी एकेरी थरात पसरून ठेवावं. उजेडामुळे मोड आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे येतात. अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे झाले की लावायला तयार. अंधारात ठेवलं तर लांब पांढरे धागे येतात आणि हात लावताच तुटतात.

लहान बटाटा अख्खाच लावा. मोठा असेल तर उभा कापा, म्हणजे मोड येणारं टोक दोन्ही फोडींना मिळतं. प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे हवेत. सुरी दर थोड्या वेळाने निर्जंतुक करावी. १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक घालून फोडी दहा मिनिटं बुडवा आणि सावलीत सुकवून दुसऱ्या दिवशी लावा. राखेत घोळवायची जुनी पद्धत कापलेल्या भागापुरती ठीक आहे, पण वाफ्यात राख ओतू नये. आपल्या बऱ्याच जमिनी आधीच विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) आहेत, आणि अशा मातीत बटाट्यावर खवले येतात.

लागवड आणि भर

दिवसाला किमान सहा तास ऊन मिळणारी जागा निवडा. मागच्या हंगामात टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती तो वाफा टाळा. भारी काळी माती असेल तर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत भरपूर मिसळून ती भुसभुशीत करा आणि सरी-वरंब्यावरच लावा. सपाट काळ्या वाफ्यात माती आवळते आणि बटाटे वेडेवाकडे होतात. ताजं शेण घालू नये, त्याने हुमणी ही जमिनीतली अळी येते.

दोन सऱ्यांत ४५ ते ६० सेंटिमीटर, दोन बेण्यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवा. खोली ५ ते ७ सेंटिमीटर, मोड वर. १० चौरस मीटरच्या वाफ्यात साधारण शंभर बेणी बसतात, म्हणजे तीन किलोच्या आसपास. सगळं जमून आलं तर त्यातून १५ ते २० किलो बटाटा निघावा. गच्चीवर १५ बाय १५ इंचांच्या पिशवीत दोन बेणी पुरे. आधी पिशवी अर्धीच भरायची आणि झाड वाढेल तशी माती घालत जायची. पिशवी तापते, म्हणून दुपारचं ऊन अडवणारी जाळी आणि हळवा वाण ही जोडी गच्चीवर अनिवार्य समजा.

पाणी थोडं आणि वारंवार द्या. लागवडीनंतर हलकं पाणी, उगवण झाली की पुढे हवेनुसार. तिसाव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत ओल तुटू देऊ नका. आधी ताण आणि मग एकदम भिजवणं झालं की बटाटे तडकतात.

लागवडीनंतर २५ ते ३० दिवसांनी, झाड वीतभर झालं की भर द्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंची माती ओढून खोडाला लावायची. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. हळव्या वाणात हे काम लांबवू नये, कारण ते लवकर गाठी धरतात. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. ते शिजवून जात नाही, म्हणून हिरवा भाग खायचा नाही. उघड्या बटाट्यावर पाकोळी, म्हणजे बटाटा पोखरणाऱ्या अळीचा पतंग, हीही अंडी घालते. ही कीड १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबईमार्गे देशात शिरली असं मानलं जातं, आणि तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय अजूनही चांगली भर हाच आहे.

बाकी रोगांचं थोडक्यात. खालच्या पानांवर गोल वलयांचे तपकिरी ठिपके दिसले तर तो लवकर येणारा करपा. ती पानं काढून नष्ट करावीत. ढगाळ हवेत पानांच्या कडेपासून काळपट, पाण्याने भिजल्यासारखे डाग आले तर उशिरा येणारा करपा, आणि तिथे दिरंगाई परवडत नाही. तसा अंदाज दिसताच ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारावं आणि पानांवर पाणी मारणं बंद करावं.

काढणी

दिवस मोजून नाही, एक झाड उकरून ठरवा. पुखराज लावलेला असेल तर पासष्टाव्या दिवसानंतर वरंब्याच्या कडेने बोटं घालून चार बटाटे काढून घेता येतात, झाड न उपटता. पातळ सालीचे हे कोवळे बटाटे ठेवायचे नसतात, त्याच दिवशी चुलीवर चढवायचे.

साठवायचे असतील तर पाला पिवळा पडून लोळू लागला की पाणी बंद करा, आठ-दहा दिवसांनी पाला कापा आणि आणखी आठवडाभर बटाटे मातीतच राहू द्या. अंगठ्याने घासून साल निघत नाही अशी झाली की काढा. कापलेले आणि खरचटलेले वेगळे ठेवून आधी वापरा. बाकीचे पाखडल्यासारखे न हाताळता सावलीत सुकवा, मग हवेशीर अंधाऱ्या जागी ढीग करून वर कडुनिंबाचा किंवा घाणेरीचा वाळलेला पाला पसरा, पाकोळी दूर राहते. पुखराज आधी संपवा, मार्चच्या उकाड्यात तो लवकर मऊ पडतो. चंद्रमुखी आणि ज्योती त्यामानाने थोडे जास्त दिवस निघतात.

यातलेच चांगले बटाटे पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी राखून ठेवायची इच्छा होते, पण फेब्रुवारी ते ऑक्टोबर असे आठ महिने, मधला सगळा उन्हाळा, शीतगृहाशिवाय बेणं काढत नाही. ते मोडांनी पिळवटून जातं, आणि त्यातून वाचलेल्यात विषाणू असतातच. दरवर्षी नवं बेणं आणावं. आणताना दोन वाणांचं थोडं थोडं घेऊन शेजारशेजारच्या सऱ्यांत लावलं आणि काढणीला दोन्हींचं वजन वेगवेगळं केलं, तर तुमच्या अंगणाला कुठला वाण मानवतो हे तीनेक हिवाळ्यांत कळतं.